पाच खिडक्यांची गाडी

मी माझा जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायला काढला त्या दिवशी सासरेबुवा दारात आडवे उभे राहिले. एरवी हा माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. आमटीत मीठ पडलं नसलं तरी मुकाट जेवतील आणि दुसऱ्या दिवशी स्वतः उठून बरणी माझ्या हाताशी आणून ठेवतील, एवढाच काय तो निषेध. त्या दिवशी मात्र त्यांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "हा मला हवाय."

मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, गाडी करायचीय.

मला आधी वाटलं, उन्हात फिरून आलेत, लागलं असेल. मग वाटलं, थट्टा करतायत. पण थट्टा हा त्यांचा प्रांत नव्हे. तो माझा आणि सासूबाईंचा.

लग्नाच्या फिल्म कापून-जोडून देणं हे माझं काम. घरातल्या मागच्या खोलीत बसून मी दिवसभर लोकांच्या नवऱ्यामुलींना रडवते, हसवते आणि मामांना कापते. त्या जुन्या कॉम्प्युटरने माझी बरीच वर्षं काढली होती. पुढे पुढे तो मोठी फिल्म उघडली की धापा टाकायला लागला, म्हणून मी नवा घेतला. सासरेबुवांचा आणि जुन्याचा संबंध एवढाच, की ते मला चहा आणून द्यायचे आणि कप कीबोर्डपासून हातभर लांब ठेवायचे. यंत्राजवळ पाणी नको, हा त्यांचा नियम. त्यांचे नियम पुष्कळ.

ते बस चालवायचे. घाटातली बस, सकाळी वर, संध्याकाळी खाली, उभी हयात. डेपोत त्यांना 'लोणी' म्हणत, कारण गिअर असा पडायचा की उभ्या प्रवाशाला दांडाही घट्ट धरायला नको. हॉर्न गरजेपुरता. वेग पाटीवर लिहिलेला असेल तेवढा. आणि ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचं झाकण असतं ना, बॉनेट, जिच्यावर इतर गाड्यांमध्ये ड्रायव्हरचे मित्र, मित्रांचे मेहुणे आणि फुकटे पोलीस बसून गप्पा ठोकतात, तिच्यावर यांनी कधी कुणाला बसू दिलं नाही. डेपोचे साहेब एकदा बसायला गेले, त्यांनाही उठवलं. साहेबांनी पुढची दोन वर्षं याचं उट्टं काढलं, पण तरी नियम म्हणजे नियम. निवृत्त झाल्यावरही जेवणाच्या टेबलाशी बसले की त्यांचा डावा पाय हळूच खाली दाबला जायचा. क्लच. आम्ही बघायचो आणि न बघितल्यासारखं करायचो.

आता गंमत अशी, की या ड्रायव्हरच्या बायकोला बस लागते. लागते म्हणजे साधीसुधी नाही. बस नुसती दिसली तरी सासूबाईंच्या पोटात ढवळतं. लग्न होऊन पहिल्यांदा सासरी आल्या त्या बसनेच आल्या आणि येताना अशी दैना झाली, की नवऱ्या मुलाकडच्या मंडळींना वाटलं, मुलगी या लग्नावर नाराज आहे. त्यानंतर सासरेबुवांनी एकदा मोठ्या हौसेने त्यांना आपल्या गाडीत बसवायचं ठरवलं. गोळी दिली, पुढची जागा दिली, खिडकी दिली. त्या दुसऱ्याच थांब्यावर उतरल्या आणि चालत घरी आल्या. झालं. पुढे कुठे जायचं तर पायी, नाहीतर नाही. डेपोत यावर इतके विनोद झाले की तेही जुने होऊन विटले. सासूबाई स्वतःच हसून सांगायच्या, "हलवायाच्या बायकोला साखर वर्ज्य, तशी माझी गत."

हसण्यावारी नेण्याचे दिवस होते तोवर नेलं. मग सासूबाईंना सुईत दोरा ओवता येईना. समोरच्या माणसाचा चेहरा मधोमध धुरकट दिसायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की नजरेचा मधला भाग झिजत चाललाय. गेलेलं परत येणार नाही. आहे ते किती टिकेल, सांगता येत नाही. कडेचं अजून काही काळ दिसत राहील. म्हणजे समोरच्याचं तोंड दिसणार नाही, पण शेजारी कोण उभं आहे ते दिसेल. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येऊन कडेचं दिसत असताना जेवढे तांदूळ निवडता येतील तेवढे निवडायला घेतले.

सासरेबुवा कॉम्प्युटरसाठी दारात आडवे आले ते त्याच आठवड्यात. त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी मला चहा आणून ठेवला, हातभर लांब, आणि तसेच उभे राहिले. मी हेडफोन काढला. ते म्हणाले, "मी काय काम केलं ते तिने कधी बघितलंच नाही."

मी म्हणाले, बाबा, घरी सगळ्यांना माहीतच आहे की. ते म्हणाले, माहीत असणं वेगळं.

तर गाडी करायची म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. डेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवायला एक यंत्र आणलं होतं. खोलीत खुर्ची, स्टिअरिंग, पेडल आणि समोर पडद्यावर रस्ता. यांना एकदा तिथे नव्या मुलांपुढे चार शब्द बोलायला बोलावलं होतं. चार शब्द ते बोलले नाहीत, ते बोलणारच नव्हते, पण यंत्र मात्र नीट बघून आले. त्यांचा हिशेब सरळ होता. खोली हलत नाही. खोली हलत नाही म्हणजे पोट हलणार नाही. आणि सासूबाईंना मधलं दिसत नसलं तरी कडेचं दिसतं, म्हणून एक पडदा पुरायचा नाही. एक समोर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. पाच खिडक्या. त्या सरळ बघत बसल्या की घाट दोन्ही कडांनी त्यांच्या डोळ्यांत येईल. नजर आहे तोवर एकदा, एकदाच, त्यांना आपल्या गाडीतून घाट दाखवायचा होता.

मी तापट बाई आहे. कुणी माझ्या कामाच्या वेळात खेळणी मागितली तर मी ऐकून घेत नाही. पण हे ऐकल्यावर मी जुन्या कॉम्प्युटरची किल्ली, म्हणजे त्याचा स्क्रू-ड्रायव्हर, त्यांच्या हातात दिला.

घोडं अडलं ते ग्राफिक्स कार्डांवर. पडद्यावर चित्र पाठवण्याचं काम या कार्डाचं, आणि माझ्याकडच्या एकेका जुन्या कार्डाला दोन-दोनच पडदे जोडता येत होते. पाच पडद्यांना तीन कार्डं हवीत. तीन निघाली, माझ्याच खणातून. दोन चांगली लठ्ठ, पंखेवाली, आणि एक किडकिडीत. शिवाय चौथं, साउंड कार्ड. त्या कॉम्प्युटरचा स्वतःचा आवाज सर्दी झाल्यासारखा होता. मी म्हणाले, बाबा, चित्र महत्त्वाचं, आवाजाचं बघू नंतर. त्यावर मला व्याख्यान ऐकावं लागलं. त्यांच्या मानाने व्याख्यान, म्हणजे तीन वाक्यं. गिअर डोळ्यांनी टाकत नाहीत, कानाने टाकतात. इंजिन कण्हलं की खाली, मोकळं झालं की वर. ज्याला आवाज येत नाही तो गाडी चालवत नाही, नुसतं स्टिअरिंग फिरवतो.

मग जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून काम सुरू झालं. आम्ही आठवडाभर जमिनीवर बसून जेवलो. माझा नवरा, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, वाद नको म्हणून आधीच स्टिअरिंग, चावी, तीन पेडल, हँडब्रेक आणि गिअरचा दांडा असा संच आणून मोकळा झाला होता. तो रोज ऑफिसातून आल्यावर टेबलाला लांबून एक प्रदक्षिणा घालायचा आणि कशाला हात लावायचा नाही. बापाचा मुलगा आहे.

प्रत्येक कार्डाला कॉम्प्युटरमध्ये आपापला ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, घालावा लागतो, हे मी सांगितलं तेव्हा सासरेबुवांना फार बरं वाटलं. त्याशिवाय कार्ड जागचं हलत नाही ना, असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि चहाच्या वेळी सासूबाईंनाही जाऊन सांगितलं.

मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मोठ्या पाटीवर, कार्डांसाठी लांब खाचा असतात, आणि त्यांच्या मधेमधे आखूड. लांब खाचेत ग्राफिक्स कार्डं, आखूड खाचेत साउंड कार्ड. बोलायला सोपं. सासरेबुवांनी आधी लठ्ठ कार्ड वरच्या खाचेत बसवलं. दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब देऊन, कट्ट आवाज येईपर्यंत, मग स्क्रू. मग दुसरं लठ्ठ, मग किडकिडीत. बसली बिचारी मांडीला मांडी लावून. मग साउंड कार्ड हातात घेतलं आणि बघतात तर त्याची खाच गायब. वरच्या लठ्ठोबाचा पंखा तिच्यावर पसरला होता. दुसरी आखूड खाच दुसऱ्या लठ्ठोबाने झाकलेली.

मी म्हणाले, एक पडदा कमी करू, एक कार्ड काढून टाकू. ते म्हणाले नाही. मी म्हणाले, मग साउंड कार्ड सोडा. तेही नाही. मी म्हणाले, मग काय कार्डांना उभं करून नेणार? आणि पाय आपटत माझ्या खोलीत निघून गेले. एका मुलीचं लग्न अर्धवट लटकलं होतं.

मी बाहेर आले तेव्हा त्यांनी सगळी कार्डं उपसली होती आणि त्यांच्याकडे बघत बसले होते. त्यांनी आयुष्यभर गर्दीत माणसं बसवली होती. लठ्ठ माणूस मधे बसवला की दोघांची अडचण होते, कडेला बसवला की त्याचा एक खांदा बाहेर राहतो आणि कुणाचं काही जात नाही. दुसरं लठ्ठ कार्ड त्यांनी अगदी खालच्या खाचेत घातलं, तिथे त्याचं पोट रिकाम्या जागेत लोंबलं. किडकिडीत सगळ्यात वर, त्याच्या खाली साउंड कार्ड, आणि पहिल्या लठ्ठोबाला मधे, पण दोन्हीकडे वारा लागेल असं अंतर सोडून. बसलं सगळं. मी त्या रात्री आमटीत मीठ आठवणीने घातलं.

त्यानंतर त्यांनी मागच्या खोलीत पडदे उभे केले, मी सगळं जोडलं आणि बस चालवायचा एक खेळ त्यात भरला. त्यातला घाट आमचा नव्हता, कुठल्या तरी भलत्याच मुलखातला होता, पण घाट होता. सपाटीवर गाडी छान चालली. चढ लागला आणि कॉम्प्युटर धाडकन बंद. पुन्हा सुरू केला, पुन्हा चढावर बंद. झाडं, दऱ्या, वळणं एकदम दिसायला लागली की तिन्ही कार्डं जास्त वीज खेचायची आणि बिचारा जुना पॉवर सप्लाय मान टाकायचा. सासरेबुवांना हे सांगावं लागलं नाही. "ओव्हरलोड," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन मोठा सप्लाय घेऊन आले.

आवाजाचा घोळ मात्र जास्त दिवस पुरला. खेळातला इंजिनाचा आवाज त्यांना पसंत पडणार नव्हताच, म्हणाले, ही शिलाई मशीन आहे. डेपोच्या मागच्या कोपऱ्यात त्यांच्या गाडीच्या जातीची एक जुनी बस शिकाऊ मुलांसाठी ठेवलेली होती. माझा रेकॉर्डर घेऊन ते तिथे गेले. मायक्रोफोनला वारा लागू नये म्हणून त्याच्यावर स्वतःचा मोजा चढवला, मेकॅनिकला गाडीत बसवलं आणि इंजिन थंड असताना, तापल्यावर, प्रत्येक गिअरमध्ये, चढताना, उतरताना असा सगळा आवाज धरून आणला. तो ऐकत ऐकत तुकडे करायला मला तीन लग्नांएवढा वेळ लागला. मी ते तुकडे खेळातल्या आवाजांच्या जागी बसवले आणि त्यांना हाक मारली. त्यांनी चावी फिरवली. पाचही पडद्यांवर उजाडलं, पण आवाज नाही.

साउंड कार्ड नीट बसलं नसेल म्हणून त्यांनी ते काढलं, खाच फुंकली, परत बसवलं. नाही. स्पीकर बदलला. नाही. केबल बदलली. नाही. असे दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत सासूबाई एकदा माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, मला वर्तमानपत्रातली मोठी अक्षरं कालपर्यंत लागत होती, आज लागली नाहीत, यांना सांगू नकोस. मी सांगितलं नाही. पण त्यानंतर माझे हात त्या यंत्रावरून निघेनात.

सापडलं ते अगदीच बावळट कारण निघालं. ग्राफिक्स कार्ड नुसतं चित्र पाठवत नाही, त्याच केबलमधून आवाजही पाठवतं, पडद्याला स्पीकर असो नसो. तीन कार्डं घातली तेव्हा आवाजाची ही सगळी तोंडं यादीत येऊन बसली आणि कॉम्प्युटरने त्यातलंच एक मुख्य धरलं. मी सासरेबुवांना समजावून सांगितलं.

"म्हणजे आवाज होता," ते म्हणाले, "मुक्याच्या घरी जात होता."

मी यादीत साउंड कार्डावर खूण केली. आणि आमच्या मागच्या खोलीत ती बस सुरू झाली. काय सांगू, मी त्या जातीच्या बसमध्ये शाळेत असताना बसले असेन, पण माझ्या पायाखालची फरशी थरथरली असं मला वाटलं. सासरेबुवांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि बराच वेळ गाडी जागची हलवलीच नाही. इंजिन नुसतं चालू ठेवलं. म्हणाले, तापू दे जरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली फेरी. सासूबाई चांगलं पातळ नेसून आल्या. सासरेबुवांनी निवृत्तीनंतर पेटीत ठेवलेला खाकी शर्ट काढला होता. तो पोटावर जरा अडत होता, पण कुणी काही म्हटलं नाही. सासूबाईंची खुर्ची त्यांनी आपल्या मागे मांडली होती, तिथे हात धरून नेऊन बसवलं. गाडी निघाली. पहिला चढ, पहिलं वळण. ते मागे न बघता विचारत होते, दिसतंय का? दरी आली डावीकडे, दिसतेय का?

"मला तुमचं डोकं दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. "आणि कानामागे साबण राहिलाय."

मी हसून हसून खाली बसले. आयुष्यभर माणसं यांच्या पाठीमागे बसली. माणूस बसमध्ये बसतो तो ड्रायव्हरच्या मागे, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की पाच पडदे बायकोसाठी उभारून त्यांनी तिला स्वतःच्या मानेमागे लपवून ठेवलं. कार्डं बसवताना कोण कुठे बसेल याचा एवढा विचार केला, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिलाच नेमकं चुकीच्या जागी बसवलं. ते खरंच ओशाळले. उठून उभे राहिले, पडद्यांकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. सगळं नीट दिसेल अशी जागा एकच होती, त्यांच्या शेजारी, डाव्या हाताला. म्हणजे खऱ्या गाडीत जिथे बॉनेट असते तिथे.

त्यांनी स्वयंपाकघरातून ठेंगणं स्टूल आणलं, त्यावर उशी ठेवली, आणि म्हणाले, "बस इथे."

"तिथे कुणाला बसवत नाही ना तुम्ही?" सासूबाईंनी विचारलं. ते म्हणाले, बसतेस का आता? त्या बसल्या.

गाडी पुन्हा निघाली आणि मी सासूबाईंचा चेहरा बघत राहिले. त्या सरळ बघत होत्या आणि दोन्ही बाजूंनी घाट त्यांच्या अंगावरून जात होता. डावीकडे दरी, उजवीकडे कातळ, मधेच एखादं झाड अगदी खांद्याला लागून गेल्यासारखं. त्या म्हणाल्या, अगंबाई, केवढं खोल. म्हणाल्या, हे रोज? सासरेबुवा म्हणाले, रोज. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की इंजिनापुढे मला जेमतेम ऐकू आला. मला वाटलं, जिंकलं. एवढ्या आठवड्यांची आमची धडपड फळाला आली.

चौथ्या वळणावर सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

खोली हलत नव्हती. बस हलत नव्हती. पण डोळ्यांना पाचही बाजूंनी वळणं दिसत होती, आणि सासूबाईंचं पोट काही खोलीला विचारून ढवळत नव्हतं. मी पाणी आणायला धावले. सासरेबुवांनी गाडी कडेला घेतली. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं, खेळातला रस्ता तो, तरी त्यांनी दिवा दाखवून गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक लावला. बायकोच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सासूबाईंना जरा बरं वाटल्यावर म्हणाले, राहू दे. झालं तेवढं पुष्कळ झालं. आणि चावीकडे हात नेला.

त्यांचा तो हात बघून मला रडू आलं, खरं सांगते. तीन कार्डं, पाच पडदे, डेपोच्या चकरा, आणि शेवटी पुन्हा दुसऱ्याच थांब्यावर उतरणं. सासरेबुवांना आता दुसरी संधी मिळणार नव्हती, हे सासूबाईंना आणि मला माहीत होतं. बहुतेक त्यांनाही.

सासूबाईंनी त्यांचा हात चावीवरून बाजूला केला. म्हणाल्या, मी डोळे मिटते, तुम्ही चालवा.

ते म्हणाले, मग बघणार काय?

"न बघता तर आयुष्य काढलं," त्या म्हणाल्या. "चालवा तुम्ही."

त्या डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून स्टुलावर ताठ बसल्या. सासरेबुवांनी हँडब्रेक सोडला. त्यांना आता कशातच रस उरला नव्हता, हे खांद्यांवरून कळत होतं. पण गाडी हातात आली की हा माणूस वाईट चालवू शकत नाही. चढ आला, इंजिन कण्हलं, गिअर खाली. मोकळं झालं, वर. बाजूचे पडदे मी हळूच बंद केले असते तरी कुणाला फरक पडला नसता. सासूबाईंच्या कपाळावरचा घाम वाळला. मान आवाजाबरोबर किंचित हलायला लागली. घाट चढून झाला, उतरून झाला.

पुढे सरळ रस्ता होता. सपाट, दोन्हीकडे कुणाची तरी शेतं, समोर कुणी नाही. गाडी वरच्या गिअरमध्ये संथ चालली होती. आणि एकदम सासरेबुवांनी गिअर खाली टाकला. ना चढ, ना वळण, ना आडवं कुणी. इंजिन मोठ्याने गुरगुरलं, क्षणभर तसंच राहिलं, आणि गिअर पुन्हा वर गेला. मला वाटलं, हात चुकला. त्यांचा हात गिअरवर कधी चुकलेला नव्हता, म्हणून मी दचकून त्यांच्याकडे बघितलं.

सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "घर आलं आपलं."

सासरेबुवांचा पाय पेडलवरून सुटला. गाडी धिमी होत होत आपोआप थांबली. ते वळून बायकोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुला माहीत होतं?"

मला काहीच कळत नव्हतं, म्हणून सासूबाईंनी मला सांगितलं. संध्याकाळची शेवटची बस डेपोत जाताना आमच्या जुन्या घराच्या मागच्या रस्त्याने जायची. समोर दवाखाना, त्यामुळे हॉर्न वाजवायला मनाई. रस्ता सपाट. तरी रोज तिथे एक बस उगाचच गिअर खाली टाकायची, गुरगुरायची आणि पुढे जायची. इतर गाड्या तशा नुसत्याच जायच्या. त्या आवाजावर सासूबाई चहाचं आधण ठेवायच्या. गाडी डेपोत लावून सासरेबुवा चालत घरी येईपर्यंत चहा व्हायचा. एकही दिवस चुकला नाही.

मी सासरेबुवांना विचारलं, तुम्ही आईंना कधी सांगितलं नाहीत? ते खाली बघून म्हणाले, नियमात बसत नव्हतं ते. डेपोचं डिझेल जळायचं. सांगणार कसं?

"आणि मी विचारलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "विचारलं असतं तर यांनी लाजून बंद केलं असतं."

साउंड कार्डातून थांबलेल्या बसचं इंजिन घरघरत होतं. सासरेबुवांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. सासूबाईंनी डोळे मिटलेले ठेवूनच चाचपत त्यांचा हात शोधला आणि तो गिअरच्या दांड्यावर नेऊन ठेवला.

"परत फिरवा गाडी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी ते घरात बसून ऐकलं. एकदा गाडीत बसून ऐकू दे."

सासरेबुवांनी मागे कुणी येत नाही ना ते आरशात बघितलं आणि गाडी वळवून घेतली.